फुलराणी आणि वाघ

लेक चार वर्षांची असताना एप्रिलमधल्या एका रविवारी आम्ही तिघं, मी, ती आणि बाबा, पेशवे पार्कात गेलो. चैत्राचं ऊन नऊलाच चटके देत होतं, पण फुलराणीची रांग काही हलेना. ही छोटी आगगाडी १९५६ च्या एप्रिलमधली! बाबा तेव्हा सहा वर्षांचे. शेजारच्या सारसबागेत नानासाहेब पेशव्यांच्या काळी तळं होतं, म्हणून तो 'तळ्यातला गणपती'. असो.

"आजोबा, तुमचा वाघ कुठेय?"

१९९९ मध्ये कात्रजचं प्राणिसंग्रहालय झालं, मग इथले प्राणी तिकडे हलवले. मी सांगणार, इतक्यात बाबा म्हणाले, "झोपला असेल गं."

कात्रजला मला पहिल्यांदा त्यांनीच नेलं होतं.

मी गप्प राहिलो. तीन तिकिटं काढली.