एक मन, अनेक खिडक्या: ऑल्ट-टॅबची गोष्ट



आजचा विषय वाचून काही जणांना प्रश्न पडला असेल, की तत्त्वज्ञानाच्या निवृत्त मास्तरांना संगणकाच्या बटणांशी काय देणंघेणं? त्याचं उत्तर आम्हाला पेणमधल्याच एका छोट्या दुकानात मिळालं.

काही महिन्यांपूर्वी आम्ही तिथे एक ऑनलाइन अर्ज भरून घ्यायला गेलो होतो. समोर बसलेल्या मुलीच्या पडद्यावर तीन गोष्टी उघड्या होत्या: आमचा अर्ज, आमच्या आधार कार्डाचं चित्र आणि दुसऱ्या कुणाचं तरी अर्धवट टाइप केलेलं पत्र. ती कार्डावरचे चार आकडे बघायची, माऊस हातात घ्यायची, ती खिडकी खाली घालवायची, अर्ज शोधायची, आकडे टाकायची. पुन्हा तेच. तिसऱ्या फेरीत क्लिक नेमकं फुलीवर पडलं आणि अख्खा अर्ज बंद झाला. मागे रांग होती, लोक कुरकुरायला लागले. पोरीचे डोळे भरून आले. आम्ही म्हटलं, "अगं, डाव्या अंगठ्याने ऑल्ट दाबून धर आणि टॅब एकदा मार." तिने मारलं. अर्ज समोर. पुन्हा मारलं. आधार कार्ड समोर. ती म्हणाली, "सर, हे क्लासमध्ये शिकवलं होतं. पण परीक्षेपुरतंच लक्षात ठेवलं."

या जोडबटणाची गरज मुळात का पडली, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. ते आज आपण बघू.

सुरुवात खिडक्या नव्हत्या त्या काळापासून करू. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत बांधलेला टीफ्रॅक हा संगणक १९६० मध्ये कामाला लागला. त्या पिढीच्या यंत्रांचा शिरस्ता साधा होता: एक काम घ्यायचं, पुरं करायचं, मग दुसरं. बाकीच्यांनी थांबायचं. हे थांबणं टाळण्यासाठी अमेरिकेत एमआयटीमध्ये फर्नांडो कॉर्बाटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६१ मध्ये एक प्रयोग दाखवला. यंत्राने एकाचं काम क्षणभर करायचं, ते आहे तिथे ठेवायचं, दुसऱ्याचं घ्यायचं, मग तिसऱ्याचं, आणि पुन्हा पहिल्याकडे यायचं. हे इतक्या वेगाने, की प्रत्येकाला वाटावं, यंत्र आपल्यासाठीच बसलंय. याला कालविभाजन म्हणतात. यंत्र दोन कामं एकदम करत नव्हतं, फक्त फार चपळाईने अदलाबदल करत होतं.

आता आम्हाला आमच्या विषयाकडे वळणं भाग आहे. हाच प्रश्न आपल्याकडच्या नैयायिकांनी मनाबद्दल विचारला होता. न्यायदर्शनाप्रमाणे मन अणुरूप आहे, ते एका वेळी एकाच इंद्रियाशी जोडलं जातं, म्हणून एका क्षणी ज्ञानही एकच होतं. यावर आक्षेप असा, की कुरकुरीत शष्कुली खाताना रूप, रस, गंध, स्पर्श आणि आवाज अशी पाचही ज्ञानं एकदमच होतात की! आपण पेणकर शष्कुलीच्या जागी आपला पोह्याचा पापड ठेवू. तो मोडला की आवाज, वास, चव सगळं एकदमच येतं असं आपण शपथेवर सांगू. नैयायिक म्हणतो, नाही. कमळाच्या शंभर पाकळ्या एकावर एक ठेवून सुई आरपार घातली, तर सगळ्या एकदम भोसकल्यासारखं वाटतं. पण सुई जाते एकेकीतूनच. जळतं कोलीत गरगर फिरवलं की आगीचं चक्र दिसतं, तसाच हा वेगामुळे होणारा भास.

एमआयटीच्या त्या यंत्राने हेच कोलीत फिरवलं होतं. आज एका चिपवर अनेक केंद्रं असतात, त्यामुळे यंत्र खरोखरच दोन-चार कामं एकदम करू शकतं. आपलं मन मात्र नैयायिकांनी वर्णन केलं तसंच राहिलं आहे. यंत्र पुढे गेलं, वापरणारा तिथेच. खिडक्यांचा इतिहास या तफावतीतून घडला.

९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत डग्लस एंगेलबार्ट यांनी एक प्रात्यक्षिक दिलं. उजव्या हातात माऊस, डाव्या हाताखाली पाच पट्ट्यांचा छोटा कळफलक, आणि समोर वेगवेगळ्या भागांत विभागलेला पडदा. पुढे झेरॉक्सच्या पालो आल्टो इथल्या संशोधन केंद्रात १९७३ मध्ये आल्टो हा संगणक तयार झाला. तिथे ॲलन के यांच्या गटाने टेबलावरच्या कागदांसारख्या एकमेकींवर चढणाऱ्या खिडक्या पडद्यावर आणल्या. पडदा लहान, कागद जास्त, म्हणून एकावर एक.

पण बाजारात ही सोय एकदम आली नाही. १९८४ चा मॅकिंटॉश सुरुवातीला एका वेळी एकच प्रोग्रॅम चालवत असे. पुढच्या वर्षी अँडी हर्ट्झफेल्ड यांनी स्विचर नावाची सोय लिहिली. तिच्यात पडदा आडवा सरकून दुसरा प्रोग्रॅम समोर येई. नोव्हेंबर १९८५ मध्ये विंडोजची पहिली आवृत्ती आली, तिच्यात खिडक्या फरशीच्या लाद्यांसारख्या शेजारी शेजारी बसत. १९८७ च्या दुसऱ्या आवृत्तीत त्या एकमेकींवर चढू लागल्या. मग खरी अडचण सुरू झाली: खालची खिडकी दिसेना. ती आहे हे माहीत, पण कुठे? १९९२ च्या ३.१ आवृत्तीत ऑल्ट-टॅब दाबलं की पडद्याच्या मधोमध चौकट येऊन पुढच्या प्रोग्रॅमचं नाव दाखवू लागली. १९९५ मध्ये सगळ्या चित्रांची ओळच एकदम दिसू लागली.

आता ही बटणं कुठली ते बघा. टॅब म्हणजे टॅब्युलेटर. टाइपरायटरवर रकाने पाडताना गाडी पुढच्या ठरलेल्या जागी नेणारी ही कळ. गोदरेजने १९५५ मध्ये भारतीय बनावटीचा टाइपरायटर बाजारात आणला. आमच्या तरुणपणी तालुक्याच्या गावी टायपिंगच्या क्लासमधून त्याची खडखड ऐकू यायची. तिथला पहिला नियम काय होता? बोटांनी आपली ठरलेली जागा सोडायची नाही आणि डोळे कळांकडे न्यायचे नाहीत. ऑल्ट-टॅबमध्ये तीच शिस्त आहे. माऊसकडे जाणारा हात जागा सोडतो, आणि परत आल्यावर ती पुन्हा शोधतो.

याहून महत्त्वाची गोष्ट यादीच्या क्रमात आहे. ऑल्ट-टॅबमध्ये खिडक्या उघडल्या त्या क्रमाने येत नाहीत, वापरल्या त्या क्रमाने येतात. नुकतीच सोडलेली खिडकी सर्वांत आधी. म्हणून एकदा दाबलं की मागच्या जागी, पुन्हा दाबलं की परत. ऑल्ट धरून टॅब मारत राहिलं की आणखी मागे, सोबत शिफ्ट धरलं की उलट दिशेने. मॅकवर ऑल्टच्या जागी कमांड. दुकानातल्या मुलीचं काम दोन खिडक्यांतलंच होतं. तिला हवी होती ती परतीची वाट, आणि ती वाट यंत्र लक्षात ठेवत होतं.

मात्र खिडकी परत आली म्हणून मन लगेच परत येत नाही. आर्थर जर्सिल्ड या मानसशास्त्रज्ञाने १९२७ मध्येच, म्हणजे संगणकाच्या कितीतरी आधी, हे मोजलं होतं. एकाच प्रकारची गणितं सलग करण्यापेक्षा आलटून पालटून दोन प्रकारची करायला जास्त वेळ लागतो. आपल्या गणपतीच्या कारखान्यांत हे कुणी पुस्तकात वाचलेलं नाही, पण तिथे बघा. कारागीर एकच मूर्ती घेऊन पहिल्यापासून शेवटपर्यंत रंगवत बसत नाही. एक रंग हातात घेतला की तो ओळीने सगळ्या मूर्तींना. डोळ्यांची आखणी करणारा तर तेवढंच काम घेऊन बसतो. दर वेळी कुंचला धुवायचा, रंग बदलायचा, हात पुन्हा बसवायचा, हे परवडत नाही.

आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. तुमच्या-आमच्यासाठी ऑल्ट-टॅब ही सोय आहे. दृष्टिहीन माणसाला माऊसचा बाण दिसतच नाही, त्याचा सगळा संगणक कळफलकावर चालतो. मायकल करन या ऑस्ट्रेलियातल्या दृष्टिहीन तरुणाने २००६ मध्ये एनव्हीडीए हे पडदा वाचून दाखवणारं मोफत सॉफ्टवेअर लिहायला घेतलं. ते मराठीही वाचतं. ऑल्ट-टॅब दाबलं की ते समोर आलेल्या खिडकीचं नाव बोलतं. आपण ज्याला युक्ती म्हणतो, ती त्यांची पायवाट आहे. म्हणून शाळेत, क्लासमध्ये कळफलकाच्या या जोड्या 'परीक्षेपुरत्या' शिकवणं आम्हाला चूक वाटतं.

शेवट आपल्या तालुक्यातच करू. विनोबांचा जन्म १८९५ चा, पेण तालुक्यातल्या गागोद्याचा. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात त्यांनी गीतेवर प्रवचनं दिली आणि साने गुरुजींनी ती ऐकता ऐकता उतरवून घेतली. आज आमचं बोलणं कुणीतरी असंच उतरवून तुमच्यापर्यंत पोचवतंय, म्हणून त्यांची आठवण आली. सहाव्या अध्यायावर बोलताना विनोबांनी एकाग्रतेच्या सोबत जीवनाची परिमितता सांगितली आहे. लक्ष एका ठिकाणी हवं असेल, तर पसारा आधी आवरला पाहिजे. आपल्या भाषेत सांगायचं, तर ऑल्ट-टॅब जरूर शिका, पण वीस खिडक्यांतून फिरण्यासाठी नको. हातातल्या कामाच्या दोन ठेवा, बाकीच्या ऑल्ट-एफ४ ने बंद करा. करण्याआधी लिहिलेलं तेवढं जपून ठेवा!

परवा त्या दुकानात पुन्हा जाणं झालं. मुलीचा माऊस बाजूला पडला होता. रांग होतीच. ती म्हणाली, "सर, आता दोनच उघड्या ठेवते." आमचा अर्ज दहा मिनिटांत झाला.