तरंगिकांच्या वृक्षाची कुळकथा

चित्र थोडक्या जागेत मावावे आणि परक्याच्या हाती पडले तरी त्यास ते उमजू नये, अशी दुहेरी अपेक्षा ज्या ‘वेव्हलेट पॅकेट’ (तरंगिकांच्या) पद्धतीकडून बाळगली गेली, तिचे मूळ शोधू जाता आपण आल्फ्रेड हार या हंगेरियन गणितज्ञाने १९०९ साली ग्यटिंगेन विद्यापीठास सादर केलेल्या प्रबंधापाशी पोहोचतो. हारची युक्ती विलक्षण साधी आहे. शेजारच्या दोन बिंदूंची तेजस्विता १०४ व १०० असली, तर त्यांची सरासरी १०२ आणि निम्मा फरक २ एवढेच टिपून ठेवावे. बेरीज-वजाबाकीने मूळचे दोन्ही अंक जसेच्या तसे परत मिळतात, आणि चित्रातले शेजारी बहुधा एकमेकांसारखेच असल्यामुळे फरकांचे अंक शून्याच्या आसपास राहून थोडक्यात लिहिता येतात.

या बीजाला अंकुर फुटला तो १९८० नंतरच्या दशकात, जेव्हा तेलसंशोधनासाठी भूगर्भातून परतणाऱ्या लहरी वाचणारे झां मोर्ले, त्यांचे सहकारी ग्रॉसमन आणि पुढे ईव्ह मेयर व स्तेफान माला यांनी तरंगिकांचे शास्त्र सिद्ध केले. मालांच्या रीतीत सरासरीचाच भाग पुन:पुन्हा विभागला जाई. फरकांचेही विभाजन करण्याची मुभा ‘पॅकेट’ पद्धतीने दिली, आणि अशा विभाजनातून वाढणाऱ्या वृक्षाची कोणती फांदी फोडावी व कोणती तशीच राखावी, याचा निवाडा एन्ट्रॉपीच्या, म्हणजे माहितीच्या पसाऱ्याच्या, मापाने करण्याची तजवीज कॉइफमन व विकरहाउझर यांनी १९९२ साली मांडली. या विचाराचा भरघोस दाखला अमेरिकेच्या एफबीआयने दिला: बोटांच्या ठशांतील बारीक रेषा जेपीईजीच्या ८ × ८ बिंदूंच्या चौकटींत भंगत, म्हणून १९९३ च्या मानकात ठशाचे चित्र तरंगिकांनी ६४ पट्ट्यांत विभागण्याचे ठरले, आणि सुमारे पंधरा पटींनी आकार घटूनही तज्ज्ञांची खातरजमा होईल इतक्या रेषा शाबूत राहिल्या.

काटकसरीसाठी लावलेल्या या वृक्षाकडे गोपनीयतेच्या दृष्टीने पाहणारे पुढे आले. चित्राचा प्रत्येक भाग एक तर राखायचा, नाही तर चारांत फोडायचा, एवढ्याच नियमाने दोन पातळ्यांत १७, तीन पातळ्यांत ८३,५२२ आणि चार पातळ्यांत अठ्ठेचाळीसावर अठरा शून्ये मांडावीत त्याहूनही अधिक वृक्ष संभवतात. तेव्हा वृक्षाचा आराखडा तेवढा गुप्त ठेवला की कुलूप लागले, अशी कल्पना निघाली आणि साल्झबुर्गच्या पोमर व ऊल यांनी ती तपासून पाहिली. परंतु किल्ल्यांची संख्या म्हणजे बंदोबस्त नव्हे. आराखडा दडवला तरी सहगुणक, म्हणजे सरासरी-फरकांचे अंक, उघडेच राहतात, आणि सर्वांत स्थूल भागाचे सहगुणक तेवढे हाती आले तरी चित्राची पुसट प्रतिकृती उभी राहते.

म्हणून माझा कौल स्पष्ट आहे: वृक्षाकडे काटकसरीचे काम सोपवावे, आणि रुग्णाचे क्ष-किरणचित्र किंवा नागरिकाचा ठसा जपायचा असेल तेथे आकुंचनानंतर संपूर्ण मजकुरालाच एईएससारख्या कसोटीला उतरलेल्या कूटपद्धतीचे कुलूप घालावे.