नगराची वास्तू, निर्वासितांचे नाव

कॅलिफोर्नियातील सॅन होझे नगराच्या केली उद्यानात जुनी घरे जतन केलेला एक विभाग आहे. त्यातील १८७७ च्या ग्रीनॉल्ट-गृहात ऑगस्ट २००७ मध्ये व्हिएतनामी निर्वासितांचे संग्रहालय उघडले. वास्तू नगराच्या मालकीची. नाव मात्र निर्वासितांनी ठेवलेले. 'थुएन न्यन', म्हणजे नौकांतून आलेले लोक, आणि व्हिएतनामचे प्रजासत्ताक, अशा दोहोंचा त्यात निर्देश आहे. हे प्रजासत्ताक ३० एप्रिल १९७५ रोजी लोपले होते. अस्तंगत राज्याच्या स्मृतीस आश्रय देऊन नगराने एक पक्षच घेतला, असा आक्षेप घेता येईल, आणि तो सर्वस्वी निराधार नाही. तथापि वाद पेटला तो अन्यत्र. नोव्हेंबर २००७ मध्ये नगरसभेने स्टोरी मार्गावरील व्हिएतनामी बाजारपेठेस 'सायगॉन व्यापार-विभाग' हे नाव दिले. १९७६ साली खुद्द व्हिएतनाममध्ये पुसले गेलेले 'सायगॉन' त्यात होतेच. परंतु अनेक निर्वासितांचा आग्रह 'लिटल सायगॉन'चा होता, कारण परदेशातील त्यांच्या वसाहतींनी तेच नाव आपलेसे केले होते. मोर्चे निघाले, उपोषण झाले. मार्च २००८ मध्ये नगरसभेने ठराव मागे घेतला. उद्यानातील घरास नाव देण्याचा अधिकार वापरणाऱ्यांकडे होता, बाजारपेठेच्या बाबतीत तो नगरसभेने स्वतःकडे ठेवला होता.