फोन घरात चार, पण ओटीपी कुणाच्या खिशात? बोर्डी परिसरातल्या मोबाईल-इंटरनेटची गोष्ट

बोर्डी (ता. डहाणू) : आपल्या भागात कॉम्प्युटर घरोघरी आलाच नाही, थेट मोबाईल आला. २०१७-१८ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत देशाच्या ग्रामीण भागात फक्त ४.४ टक्के घरांत कॉम्प्युटर निघाला होता आणि इंटरनेटची सोय १४.९ टक्के घरांत. पुढं स्वस्त डेटा आणि करोनातली ऑनलाईन शाळा यांनी इंटरनेट घरात आणलं. कॉम्प्युटर मात्र अजूनही सेवा केंद्रात, शाळेत नाहीतर व्यापाऱ्याच्या टेबलावरच दिसतो.

धंद्यात फोनचा उपयोग सगळ्यात जास्त वाडीवाल्यांना. चिकू उतरवला की थोड्याच दिवसांत पिकतो, त्यामुळं भावासाठी थांबता येत नाही. आता भाव संध्याकाळीच व्हॉट्सॲपवर कळतो. कळतो, मिळतोच असं नाही, ते वेगळं. ‘डहाणू घोलवड चिकू’ला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. ते नाव सांगून थेट मुंबईच्या गिऱ्हाइकाला पेटी पाठवायची तर फोटो, पत्ता, पैसे सगळं फोनवरच. समुद्रकिनाऱ्यावरच्या घरगुती राहण्याच्या सोयीचंही तसंच. पाहुणा आधी नकाशावर फोटो बघतो, मग फोन करतो. शहाळंवाल्यापासून वडापाववाल्यापर्यंत क्यूआर कोड लागलेत.

बोर्डीत आणखी एक गंमत आहे. पलीकडं लगेच गुजरात. बोर्डी, झाईकडं फोन कधी महाराष्ट्राचा टॉवर धरतो, कधी गुजरातचा. एके काळी घरात बसून रोमिंगचे पैसे जायचे. आता बहुतेक प्लॅनमध्ये वेगळे पैसे लागत नाहीत. जुलै २०१५ पासून राज्य बदललं तरी नंबर तोच ठेवून कंपनी बदलता येते, त्यामुळं उंबरगाव-वापीला कामाला जाणाऱ्यांची मोठी सोय झाली.

पण खरी अडचण रेंजची नाही, नंबरची आहे. पीएम किसानचं ई-केवायसी असो, लाडकी बहीण असो, सगळीकडं आधारला जोडलेल्या नंबरवर ओटीपी जातो. आणि तो नंबर बहुतेक घरांत कमावत्या पोराचा. पोरगा वापीला पाळीवर, फोन कंपनीच्या गेटवर जमा. इकडं आई सेवा केंद्राच्या रांगेत. ओटीपीची मुदत काही मिनिटांची, ती संपते आणि आई परत घरी.

माझ्याच घरचं सांगतो. आईच्या आधारला माझा जुना नंबर होता. रिचार्ज करायचं राहिलं, सिम बंद पडलं, आणि तिचा एक हप्ता अडकल्यावर मला कळलं. चूक माझीच. सलग ९० दिवस सिम वापरलं नाही तर कंपनी नंबर बंद करू शकते. शिल्लक २० रुपये असतील तर ते कापून मुदत वाढते. बंद झालेला नंबर पुढं दुसऱ्या कुणालाही मिळू शकतो, आणि मग आपले मेसेज त्याच्याकडं.

आधारला कोणता नंबर आहे ते आठवत नसेल तर आधारच्या वेबसाईटवर ‘आधार वैधता तपासा’मध्ये नंबरचे शेवटचे तीन आकडे दिसतात. शंका असेल तर १९४७ वर फोन करा. एकच नंबर घरातल्या एकापेक्षा जास्त आधारला चालतो. बँकेतला नंबर मात्र वेगळा बदलावा लागतो. आधारला बदलला म्हणून बँकेत आपोआप बदलत नाही, इथं खूप जण फसतात. दोन-तीन खाती असतील तर योजनेचे पैसे ज्या खात्याला आधार शेवटचं जोडलं त्यात जातात. ‘पैसे आलेच नाहीत’ म्हणणाऱ्यांनी आधी दुसरं पासबुक भरून आणावं.

ओटीपी नको तर अंगठा आहे. पण चिकाचे हात, जाळी ओढणारे हात, वीटभट्टीचे हात, यांच्या रेषाच झिजलेल्या. मशीन चार-चार वेळा नाही म्हणतं. पीएम किसानच्या ॲपमध्ये चेहरा दाखवून ई-केवायसी होतं, म्हाताऱ्यांसाठी तेच सोपं पडतं. शेजारच्या पोराच्या फोनवरूनही करता येतं.

१५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी आली. शेतात उभं राहून फोटो काढायचा. सातबाऱ्यावर पीक लागलं नाही तर नुकसानभरपाईच्या वेळी धावपळ होते. तलासरीकडच्या पाड्यांवर स्मार्टफोन कमी, तिथं एकाच पोराला दहा जणांची शेतं फिरावी लागतात. साध्या बटणाच्या फोनवाल्यांनाही पैसे पाठवता येतात, इंटरनेट लागत नाही. बँकेत नोंदवलेल्या नंबरावरून *९९# डायल करायचं.

फसवणूक करणारेही हे सगळं जाणून आहेत. हल्ली व्हॉट्सॲपवर ‘पीएम किसान’ नाहीतर ‘चलन’ नावाची एपीके फाईल येते. ती उघडून इन्स्टॉल केली की फोनवरचे ओटीपी समोरच्याला दिसू लागतात. गावच्या ग्रुपवर ओळखीच्याच नंबरावरून येते, म्हणून माणूस उघडतो. त्याचाही फोन आधीच गेलेला असतो. पैसे घ्यायला यूपीआय पिन कधीच लागत नाही, ‘पैसे जमा करतो, पिन टाका’ म्हणाला की फोन ठेवा. पैसे गेलेच तर लाजू नका, थांबू नका. लगेच १९३० वर फोन करा आणि बँकेला कळवा. पैसे पुढच्या खात्यातून निघायच्या आत तक्रार गेली तर ते तिथंच अडवता येतात. व्यवहाराचा मेसेज पुसू नका, त्यातला क्रमांक तक्रारीत विचारतात.