कावसजी नायगमवाला : पुण्याची वेधशाळा आणि एक हिरवी रेषा

१/ इ. स. १८८८. पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये, म्हणजे आजच्या सीओईपीमध्ये, एक वेधशाळा उभी राहिली. तिची २० इंची आरशाची दुर्बीण त्या काळी भारतात सर्वांत मोठी होती. चोवीस वर्षांनी ही वेधशाळा बंद पडली. हा धागा ती जवळजवळ एकहाती चालविणाऱ्या खगोलशास्त्रज्ञाविषयी.

२/ कावसजी दादाभाई नायगमवाला (१८५७–१९३८) हे मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवीत. १८८२ साली भावनगरचे महाराज तख्तसिंहजी यांनी तेथील वर्णपट-प्रयोगशाळेसाठी ५,००० रुपये दिले. तेवढीच भर मुंबई सरकारने घातली.

३/ उपकरणांसाठी नायगमवाला १८८४ मध्ये इंग्लंडला गेले. तेथे राजज्योतिषी ख्रिस्ती आणि नॉर्मन लॉकियर यांनी सुचविले : प्रयोगशाळेऐवजी वेधशाळाच उभारा. पुढे नायगमवाला यांची बदली पुण्यास झाली आणि वेधशाळाही तेथेच आली. तिला महाराजांचे नाव मिळाले.

४/ ताऱ्याचा प्रकाश लोलकातून नेला की रंगांचा पट्टा उमटतो. त्यातील रेषांवरून तेथील मूलद्रव्ये ओळखता येतात. मृग नक्षत्रातील तेजोमेघाच्या वर्णपटात एक ठळक हिरवी रेषा दिसे. ती कोणाची, हा तेव्हाचा मोठा वाद होता.

५/ लॉकियर यांचे मत असे : तेजोमेघ म्हणजे आदळणाऱ्या उल्कांचे थवे आणि ती रेषा मॅग्नेशियमची. तसे असते तर रेषेची एक कड पुसट दिसावयास हवी होती. १८९१ च्या सुमारास नायगमवाला यांनी पुण्याहून वेध घेतले. रेषा प्रत्येक वेळी रेखीवच आढळली.

६/ ज्यांच्या सल्ल्याने वेधशाळा उभी राहिली, त्यांचाच सिद्धान्त तिच्या निरीक्षणांनी खोडला. नायगमवाला यांनी निष्कर्ष दडविला नाही. तो लंडनच्या रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या नियतकालिकात छापला. इंग्लंडमध्ये हगिन्स आणि अमेरिकेत कीलर यांनाही तेच दिसले होते. १९२७ मध्ये बोवेन यांनी कोडे उलगडले : ती रेषा दोन इलेक्ट्रॉन गमावलेल्या ऑक्सिजनची.

७/ २२ जानेवारी १८९८ रोजीचे खग्रास सूर्यग्रहण टिपण्यासाठी नायगमवाला सोलापूर जिल्ह्यातील जेऊर येथे गेले. अमेरिकेच्या लिक वेधशाळेचे पथकही तेथे उतरले होते. खग्रास स्थिती जेमतेम दोन मिनिटांची. तयारी मात्र कित्येक महिन्यांची.

८/ १९१२ मध्ये नायगमवाला निवृत्त झाले. त्यांच्यामागे वेधशाळा पुढे नेणारा कोणी घडविण्याची व्यवस्था झालेली नव्हती. वेधशाळा मोडण्यात आली आणि उपकरणे कोडाईकॅनालला रवाना झाली. तेथे बऱ्याच काळाने ती दुर्बीण ‘भावनगर दुर्बीण’ या नावाने पुन्हा आकाशाकडे वळली.

९/ देणगीतून दुर्बीण येते, एका माणसाच्या निष्ठेवर ती काही वर्षे चालते. पण परंपरा टिकते ती शिष्यांमुळे. १९८८ मध्ये, म्हणजे बरोबर शंभर वर्षांनी, पुण्यातच जयंत नारळीकरांच्या नेतृत्वाखाली ‘आयुका’ स्थापन झाली. देशभरातील विद्यापीठांतून खगोलशास्त्रज्ञ घडविणे हेच तिचे पहिल्यापासूनचे काम.