बाळंतिणीचा महिना आणि चीनची सुई

आपल्याकडे बाळंतिणीचे सारे काही करणाऱ्या बाईला सुईण म्हणतात. हा शब्द ‘सूति’ म्हणजे प्रसूती यावरून आला आहे; शिवणाच्या सुईशी त्याचे काही नाते नाही. परंतु चीन देशात मात्र बाळंतिणीच्या उपचारांत खरोखरीची सुई शेकडो वर्षे वापरात आहे. अलीकडे आपल्या शहरांतही अ‍ॅक्युपंक्चरच्या पाट्या दिसू लागल्या आहेत. बाळंतपणानंतर कंबर धरली, दूध कमी आले, मन उदास झाले, तर हा उपचार करून घ्यावा काय, असा प्रश्न लेकीसुना विचारतात. प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर शोधताना या विद्येचा जो इतिहास हाती लागला, तो आपल्या भगिनींपुढे थोडक्यात मांडीत आहे. या इतिहासात राजे व पंडित आहेत. पण त्यातील सर्वांत मोलाचे काम बायकांनीच केले आहे, हे वाचताना आपल्याला आनंद वाटेल.

चिनी घरात बाळंतिणीच्या विश्रांतीला ‘महिना बसणे’ असे म्हणतात. आपला सव्वा महिना आणि त्यांचा हा महिना यांत फारसे अंतर नाही. तेथेही बाळंतिणीने वाऱ्यात जायचे नाही, गार पाण्यात हात घालायचा नाही, जड ओझे उचलायचे नाही. आपण डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, बाळंतशेपा आणि ओवा देतो. त्या आल्याचा काढा, लाल साखरेचे पाणी आणि कोंबडीचा रस्सा देतात. आपल्याकडे तेल चोळून शेगडीचा शेक, तर त्यांच्याकडे वनस्पतीच्या धगीचा शेक. प्रसूतीने अंगातील रक्त आणि ऊब दोन्ही कमी होतात, ती भरून काढली पाहिजेत, ही दोन्हीकडची समजूत एकच.

चिनी वैद्यांनी या विषयाकडे फार पूर्वीपासून लक्ष दिलेले आहे. इसवी सनाच्या तिसऱ्या शतकाच्या आरंभी जांग जोंगजिंग या वैद्याने नवबाळंतिणीचे तीन आजार वेगळे सांगितले : अंगाला येणारे झटके, डोके जड होऊन येणारी भोवळ, आणि मलावरोध. या तिन्हींचे मूळ त्याने रक्त आणि घाम वाहून जाण्यात पाहिले. पुढे सुमारे ६५२ साली सुन सिमियाओ याने आपला मोठा ग्रंथ लिहिला, तेव्हा स्त्रियांच्या उपचारांना त्याने आरंभीचीच प्रकरणे दिली. पुरुषांपेक्षा स्त्रियांचे आजार बरे करणे दहापट कठीण, असे त्याचे मत होते. प्रसूतीनंतर शंभर दिवस जपून राहावे, असेही त्याने बजावले आहे. १२३७ मध्ये चेन झिमिंग याने तर केवळ स्त्रीरोगांवरच एक थोर ग्रंथ रचला.

आता सुईविषयी. आपण ज्याला अ‍ॅक्युपंक्चर म्हणतो, त्याला चिनी भाषेत दोन शब्दांचे जोडनाव आहे. त्याचा अर्थ ‘सुई आणि शेक’. पातळ सुई शरीरावरील ठराविक बिंदूंवर टोचावयाची, किंवा त्याच बिंदूंवर एका वाळलेल्या पाल्याची पेटती गुंडाळी धरून धग द्यावयाची. हा पाला आपल्या दवण्याच्या जातीतल्या झाडाचा असतो. शरीरात प्राणशक्तीच्या वाटा आहेत, त्या तुंबल्या की दुखणे येते, सुईने त्या मोकळ्या होतात, अशी मूळ कल्पना. १६०१ साली निघालेल्या यांग जिझोऊ याच्या ग्रंथात दूध न येणाऱ्या बाळंतिणीसाठी दोन बिंदू दिले आहेत : छातीच्या मध्यावर शेक, आणि करंगळीच्या नखाच्या कोपऱ्यापाशी सुई. हे दोन बिंदू या कामासाठी तेथे आजही वापरले जातात. मात्र एक गोष्ट लक्षात ठेवावी. बाळंतिणीच्या उपचारात मोठा वाटा काढ्यांचा, आहाराचा आणि विश्रांतीचा असे. सुई आणि शेक हे त्यांच्या जोडीला असत.

हे सारे ग्रंथकार पुरुष होते. बाळंतिणीची खोली तर बायकांची. परपुरुषाला दुखणे सांगण्याचा संकोच तेथेही आपल्याइतकाच होता. मग बाईचे खरे दुखणे कागदावर आले कसे? त्यासाठी वूशी गावच्या थान युनश्येन या बाईची हकीकत ऐकली पाहिजे.

हिचा जन्म १४६१ चा. आजोबा सरकारी अधिकारी होते. त्यांना वैद्यकही येत असे. परंतु हिची खरी गुरू म्हणजे तिची आजी. नात हुशार आहे हे आजीने ओळखले, लहानपणीच तिच्याकडून वैद्यकाची पुस्तके पाठ करून घेतली आणि अर्थही समजावून दिला. लग्नानंतर युनश्येन स्वतः आजारी पडली. वैद्य येत, औषध लिहून देत. ती ते आधी स्वतःशी पडताळून पाही आणि मगच घेई. पुढे तिला तीन मुली व एक मुलगा झाला. मुलांच्या दुखण्यांत ती बाहेरचा वैद्य न बोलावता आजीला विचारून स्वतःच उपचार करी. मरतेवेळी आजीने आपली अनुभवाची औषधे लिहिलेली पुस्तके आणि औषधे करण्याची साधने या नातीच्या हवाली केली.

आजी गेल्याच्या दुःखाने युनश्येनने अंथरूण धरले, ते कित्येक महिने. घरच्यांनी आशा सोडली. तेव्हा स्वप्नात आजी आली, औषध कोणत्या पुस्तकात आहे ते तिने सांगितले, आणि तू त्र्याहत्तर वर्षे जगशील, माझी विद्या लोकांच्या उपयोगी आण, अशी आज्ञा केली. युनश्येन बरी झाली. पुरुष वैद्याकडे जाण्यास संकोचणाऱ्या बायका मग तिच्याकडे येऊ लागल्या. पन्नाशी आली तेव्हा तिला वाटले, त्र्याहत्तरांपैकी दोन तृतीयांश आयुष्य तर सरले. आजीची विद्या आपल्याबरोबरच जाऊ नये. म्हणून १५११ च्या सुमारास तिने ३१ रुग्णांच्या हकीकतींचे एक छोटे पुस्तक लिहिले. हे सर्व रुग्ण स्त्रियाच. बाईने छापखान्याचे व्यवहार पाहणे तेव्हा रीतीला धरून नव्हते, म्हणून हस्तलिखिताची प्रत मुलाकडून करवून तिने ते छापविले.

हे पुस्तक वाचणाऱ्याच्या मनात भरते ते त्यातील विचारपूस. मोठ्या ग्रंथांत रोगाचे नाव आणि त्यावरचे औषध असते. येथे बाई कोण, ती काय काम करते, तिच्या घरात काय चालले आहे, हे आधी येते. कोणी नावेचे सुकाणू धरून बसणारी, तर कोणी विटाकौलांच्या भट्टीवर ओझी वाहणारी. कोणाला वारंवार गर्भपात झालेला, कोणी बाळंतपणानंतर झिजलेली, कोणी मनातल्या रागाने आणि दुःखाने खंगलेली. अतिश्रम हेच दुखण्याचे मूळ आहे, असे ती अनेकदा दाखविते. उपचारात काढे आहेत, गोळ्या आहेत, आणि ठरलेल्या बिंदूंवरचा धगीचा शेक तर वारंवार आहे.

पुढे तिच्या मुलाचा वंश खुंटला आणि पुस्तकही दुर्मिळ झाले. १५८५ मध्ये माहेरच्या कुळातील थान श्यू या नातवाने ते पुन्हा छापविले, म्हणून ते आपल्यापर्यंत पोहोचले. स्वप्नातील त्र्याहत्तर वर्षे ओलांडून युनश्येन नव्वदीच्या पुढे, १५५६ पर्यंत जगली, हे सांगताना मलाही गंमत वाटते.

आता या चित्राची दुसरी बाजू. सुई, शेक, काढा आणि प्रेमळ विचारपूस एवढे असूनही त्या काळी बाळंतिणी मरत, अर्भके मरत. मळक्या कात्रीने वा विळीने नाळ कापली की बाळाला धनुर्वात होई, आणि अस्वच्छ हातांनी आईला सूतिकाज्वर होई. यांवर कोणत्याही बिंदूवरची सुई चालत नाही. आपल्याकडील जुन्या घरांतही असे दुःख अनेक पिढ्यांनी सोसले आहे. चीनमध्ये त्यावर उपाय करणारी व्यक्ती स्त्रीच होती. डॉ. यांग छोंगरुई यांनी जुन्या सुइणींना शिक्षण देण्याचे वर्ग काढले आणि १९२९ मध्ये पेकिंग येथे पहिली राष्ट्रीय प्रसूतिविद्या शाळा स्थापन केली. उकळलेली कात्री, धुतलेले हात, निर्जंतुक दोरा, एवढ्या साध्या गोष्टींनी त्यांनी किती आया आणि बाळे वाचविली असतील!

त्या काळात सुईविद्येचे दिवस पडते होते. १८२२ मध्येच सम्राटाने राजवैद्यशाळेतून ती काढून टाकली होती. सुई आणि आग राजाच्या देहाला लावणे योग्य नव्हे, असे कारण दिले गेले. १९२९ मध्ये तर साऱ्याच जुन्या वैद्यकावर बंदी घालण्याचा प्रस्ताव आला आणि देशभरच्या वैद्यांनी विरोध केल्याने तो मागे पडला. या विद्येला पुन्हा उभे करणाऱ्यांत पुढे होत्या झू ल्येन, १९०९ साली जन्मलेल्या. मुळात त्यांचे शिक्षण आधुनिक प्रसूतिविद्येचे. युद्धकाळात येनान येथे एका जुन्या वैद्याकडून त्या सुई टोचण्यास शिकल्या. औषधांची टंचाई असलेल्या त्या दिवसांत एका सुईवर चालणारा उपचार हा मोठाच आधार होता. १९५१ मध्ये त्यांनी या विद्येवर नवे पुस्तक लिहिले. त्यात प्राणशक्तीच्या वाटांपेक्षा मज्जासंस्थेच्या भाषेत त्यांनी उपचार समजावून दिला, आणि सुया निर्जंतुक करण्याची शिस्तही आणली. ज्या बाईने प्रसूतिगृहातील स्वच्छता शिकली, तिनेच जुन्या सुईला नवे वळण लावले.

येथे आपल्या महाराष्ट्राचाही धागा आहे. १९३८ मध्ये चीनच्या मदतीला गेलेल्या पाच भारतीय डॉक्टरांत सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस आणि नागपूरचे डॉ. चोळकर होते. कोटणीसांनी तेथील परिचारिका-शिक्षिका गुओ छिंगलान यांच्याशी विवाह केला. ऑगस्ट १९४२ मध्ये त्यांना मुलगा झाला, आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी कोटणीस निवर्तले. युद्धभूमीवर साडेतीन महिन्यांच्या बाळाला घेऊन उभ्या राहिलेल्या त्या आईची आठवण येथे केल्यावाचून राहवत नाही. याच पथकातील कलकत्त्याचे डॉ. विजयकुमार बसू हे १९५० च्या दशकाच्या अखेरीस पुन्हा चीनला गेले, सुईविद्या शिकून आले आणि त्यांनी ती भारतात रुजविली. लुधियाना येथे कोटणीसांच्या नावाने अ‍ॅक्युपंक्चरचे रुग्णालयही आहे.

मग आज आपल्या लेकीसुनांना काय सांगावे? आधुनिक परीक्षा काय म्हणते ते पाहू. जर्मनीतील ग्राइफ्सवाल्ड येथील संशोधकांनी २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत, पोटावर शस्त्रक्रिया होऊन बाळंत झालेल्या १८० स्त्रियांचे तीन गट केले होते. ज्यांना बारीक सुयांचा उपचार दिला, त्यांना हालचाल करताना वेदना कमी झाल्या, आणि पहिल्याच दिवशी उठून चालणाऱ्या स्त्रिया त्यांच्यात अधिक निघाल्या. दूध वाढण्याविषयी चीनमध्ये बरेच प्रयोग झाले आहेत, परंतु त्यांतील पुष्कळसे लहान आणि ढिसाळ आहेत. प्रसूतीनंतरच्या उदासीनतेविषयी तर पुरावा अजून कच्चाच आहे. म्हणून वेदनेवर जोडीचा उपचार इतकेच या सुईचे स्थान मानावे. दुधासाठी बाळाला वारंवार आणि नीट पाजणे, हाच पहिला उपाय.

उपचार घ्यावयाचाच तर प्रसूतितज्ज्ञांना विचारून घ्यावा. सुई एकदाच वापरून टाकावयाची असावी, आणि टोचणारी व्यक्ती शिकलेली व नोंदणी असलेली असावी. रक्त पातळ करण्याचे औषध चालू असल्यास ते आधी सांगावे. आणि ताप आला, रक्तस्राव फार होऊ लागला, स्रावाला घाण वास आला, डोके असह्य दुखून डोळ्यांपुढे अंधारी आली, पाय सुजून दुखू लागला, छातीत दुखले वा दम लागला, तर ना सुई, ना शेक, ना काढा. थेट रुग्णालय गाठावे. तसेच बाळंतीण दोन आठवड्यांहून अधिक काळ रडत राहिली, किंवा जिवाचे बरेवाईट करण्याचे बोलू लागली, तर ‘दृष्ट लागली’ म्हणून मीठमोहऱ्या ओवाळून स्वस्थ बसू नये. तोही आजारच आहे आणि त्यावर उपचार आहेत.

युनश्येनच्या पुस्तकापासून घेण्यासारखी गोष्ट तिच्या शेकापेक्षा मोठी आहे. तिने बाईला आधी विचारले, तुला काय होते आहे, तू दिवसभर काय करतेस, रात्री झोप लागते का? आपल्या घरी बाळ पाहावयास येणारे शंभर जण बाळाचे नाक कोणासारखे आहे ते विचारतात. त्याच्या आईला झोप मिळाली का, हे किती जण विचारतात? सव्वा महिना पाळताना पथ्याची यादी आपण तोंडपाठ म्हणतो, पण दहाव्या दिवशी तिच्यापुढे धुण्याची बादली येते ती आपल्या नजरेला पडत नाही.

आपल्या मंडळातही अशा कित्येक आज्या आहेत की ज्यांनी दहा-दहा बाळंतपणे निभावली आहेत. त्यांचे अनुभव कोणत्याही पुस्तकात नाहीत. एखादीने वही घेऊन त्यांच्यापाशी बसावे, सारे लिहून घ्यावे, आणि मग मंडळाच्या ओळखीच्या डॉक्टरीणबाईंना दाखवून त्यांतले हितकारक कोणते व सोडून द्यावयाचे कोणते हे ठरवावे. युनश्येनला ती घाई पन्नाशीत वाटली. आपल्याकडील काही आज्या तर नव्वदीला टेकल्या आहेत. पुढच्या वर्धापनदिनाची वाट न पाहता हे काम या महिन्यातच सुरू व्हावे, एवढीच माझी भगिनींना विनंती आहे.