रौप्य अस्वल आणि दुसरे पारितोषिक

व्ही. शांताराम यांच्या ‘दो आँखें बारह हाथ’ने १९५८च्या बर्लिन महोत्सवात रौप्य अस्वल मिळवले, हे आपल्याकडे बहुतेकांना ठाऊक असते. त्याच महोत्सवात या चित्रपटाला आणखी एक पारितोषिक मिळाले, त्याचा उल्लेख मात्र ओझरता होतो. ते दिले होते ‘ओसिक’ या कॅथलिकांच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट संघटनेच्या परीक्षक मंडळाने. त्या वर्षीचे सुवर्ण अस्वल इंगमार बर्गमनच्या ‘वाइल्ड स्ट्रॉबेरीज’ला गेले. म्हणजे पाद्र्याच्या घरात वाढलेल्या दिग्दर्शकाची, मृत्यूच्या उंबरठ्यावरील म्हाताऱ्याची कहाणी स्पर्धेत असताना कॅथलिक परीक्षकांनी निवडला तो सहा खुन्यांना घेऊन माळरानावर शेती करणारा हिंदुस्थानी जेलर.

या निवडीचे मोल कळायला थोडे मागे जावे लागते. ओसिकची स्थापना १९२८ साली हेग येथे झाली, पण त्या काळात चर्चचे सिनेमाशी नाते मुख्यतः पहारेकऱ्याचे होते. अमेरिकेत ‘लीजन ऑफ डीसेन्सी’ कोणता चित्रपट पाहावा, कोणता टाळावा याच्या याद्या काढत असे. १९३६ साली पोप अकरावे पायस यांनी सिनेमावरील परिपत्रकात तिचे कौतुक केले आणि देशोदेशी अशी कार्यालये असावीत, असे सुचवले. दुसऱ्या महायुद्धानंतर चित्र पालटू लागले. १९४७मध्ये ब्रुसेल्सच्या महोत्सवात ओसिकने आपले परीक्षक बसवले. पुढे व्हेनिस, कान, बर्लिन. नुसते ‘हे पाहू नका’ म्हणण्यापेक्षा ‘हे पाहा’ म्हणणे पुष्कळच जोखमीचे. बंदी घालणाऱ्याला कारण पुरते. गौरव करणाऱ्याला अभिरुची लागते.

शांतारामांच्या चित्रपटामागे ग. दि. माडगूळकरांची कथा होती, आणि कथेमागे औंध संस्थानातला खरा प्रयोग. भवानराव पंतप्रतिनिधींनी १९३९च्या सुमारास आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही खुली वसाहत उभारू दिली. त्यामागे मॉरिस फ्रीडमन या पोलंडमधून आलेल्या, ज्यू कुटुंबात जन्मलेल्या अभियंत्याची कल्पना होती. भिंत नाही, कैद्यांनी शेती करायची. गदिमांचे माडगूळ याच परिसरातले. पडद्यावरच्या प्रार्थनेत, म्हणजे भरत व्यासांच्या शब्दांत नि वसंत देसाईंच्या चालीत, कोणत्याही देवाचे नाव येत नाही. जेलर शेवटी प्राण देतो. ख्रिस्ती डोळ्यांना त्यात काय दिसले असेल हे सांगायला नको. पण मला वाटते, पारितोषिक बलिदानापेक्षा विश्वासाला होते. खुनी पळून जाऊ शकतो हे ठाऊक असूनही त्याला मोकळा सोडणाऱ्या माणसाला.

अशा मंडळांची खरी परीक्षा झाली ती पासोलिनीपाशी. पासोलिनी नास्तिक, मार्क्सवादी. १९६४ साली व्हेनिसमध्ये त्यांच्या येशूवरील चित्रपटाला ओसिकने गौरवले. तो चित्रपट पोप तेविसावे जॉन यांच्या स्मृतीस अर्पण केलेला होता, त्यामुळे ते पचले. १९६८ साली मात्र त्याच मंडळाने ‘तेओरेमा’ निवडला. एक अनोळखी पाहुणा श्रीमंत घरात येतो, घरातल्या प्रत्येकाशी शरीरसंबंध ठेवतो आणि निघून जातो. उरते ती कासावीस करणारी पोकळी. इटलीत अश्लीलतेचा खटला झाला (त्यात निर्दोष सुटका झाली), व्हॅटिकनने नाराजी दाखवली आणि संघटनेला स्वतःच्याच परीक्षकांपासून अंतर राखावे लागले. तरी पुढच्याच वर्षी बर्लिनमध्ये ओसिकचे पारितोषिक ‘मिडनाइट काउबॉय’ला मिळाले, ज्याला अमेरिकेत ‘एक्स’ श्रेणी होती! परीक्षक घाबरले नाहीत, याचा मला आनंदच वाटतो.

१९५५ साली स्थापन झालेल्या ‘इंटरफिल्म’ या प्रॉटेस्टंट संस्थेबरोबर पुढे संयुक्त मंडळे बसू लागली : १९७३ साली लोकार्नो, १९७४ साली कान. कानमधला पहिला मान फासबिंडरच्या ‘अली’ला मिळाला. साठीची जर्मन मोलकरीण आणि मोरोक्कोहून आलेला मजूर यांचे लग्न, आणि शेजारपाजाऱ्यांचे कुजके बोलणे. त्यानंतर तारकोव्हस्कीच्या ‘स्टॉकर’, ‘नॉस्टॅल्जिया’ आणि ‘सॅक्रिफाइस’ यांना याच मंडळाची पसंती लाभली. २००१ साली ओसिक ‘सिग्निस’मध्ये विलीन झाली. बर्लिनला पोचलेल्या कथेचे मूळ, स्वतंत्रपूरची वसाहत, सांगली जिल्ह्यात अजून चालू आहे.